आधी सोल्डरिंग आयर्न हातात घ्या

ताई, नमस्कार.

मी निपाणीचा. पतसंस्थेत कॅशियर होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. तरुणपणी गाण्याचा आणि साउंड सिस्टिमचा भारी नाद होता. १९८७ साली २एन३०५५ ट्रान्झिस्टर घालून स्टीरिओ ॲम्प्लिफायर मी स्वतः बनवला. ट्रान्सफॉर्मर कोल्हापुरात गुंडाळून घेतला, बाकी सामान मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलं. पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आठ इंची वूफरचे बॉक्स गल्लीतल्या सुताराकडून करून घेतले. वडिलांचा गॅरार्डचा रेकॉर्ड चेंजर होता, पुढं कॅसेट डेक घेतला. साठेक एलपी, दोनशेच्या वर कॅसेटी, त्यांतल्या बऱ्याच धारवाड आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या. मग मुलानं लहानपणी वूफरमध्ये बोट घातलं, घराचं कर्ज आलं, वडिलांचं आजारपण आलं, आणि सगळं माळ्यावर गेलं.

आता मुलगा पुण्यात. वेळच वेळ आहे. सगळं खाली काढून प्लग लावला तर डावीकडून नुसतं हमिंग, उजवीकडे काहीच नाही. डेक फिरतच नाही. मुलानं महागातला ब्लूटूथ स्पीकर पाठवलाय, मोबाइलवर पाहिजे ते गाणं मिळतं. पण दहा मिनिटांत मन उडतं. गाणं बदलतो, मग तेही बदलतो. तानपुरासुद्धा पूर्वीसारखा कानात घुमत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ॲम्प्लिफायरचे व्हिडिओ मात्र बघत बसतो. गाण्याची आवडच मेली की काय अशी भीती वाटते. पीएफमधून दीड लाखाची नवी सिस्टिम घ्यावी असं मनात आहे. बायको म्हणते, 'आधी ते धूड भंगारात घाला की. नाहीतरी तुम्ही कधी एक गाणं पुरतं ऐकू दिलंय?' कोल्हापूरचा एक माणूस सगळ्या एलपी उचलायला तयार आहे. काय करू?

– एक जुना शौकीन, निपाणी

*

नमस्कार.

तुमच्या पत्रात ट्रान्झिस्टरचा नंबर आहे, वूफरचं माप आहे, ट्रान्सफॉर्मर कुठं गुंडाळला तेही आहे. गायकाचं नाव मात्र एकही नाही. हा मी दोष काढत नाही. उलट तुमच्या भीतीचं उत्तर मला तिथंच सापडलं. १९८७ साली रात्री दोनला तुम्ही जागे होता ते सर्किटपायी, आणि आज रात्री दोनला जागे असता तेही सर्किटपायीच. म्हणजे चाळीसेक वर्षांत तुमचा तो नाद तसूभर हललेला नाही.

तुमचे नाद दोन होते. एक हातानं बनवायचा, एक ऐकायचा. दोन्ही एकाच खोलीत, एकाच खुर्चीत बसून झाले म्हणून तुम्ही ते एकच धरून चाललात. आता बनवायला काही उरलं नाही, सगळं तयार डब्यात आलं, आणि त्या रिकामेपणाला तुम्ही 'गाण्याची आवड मेली' असं नाव दिलंत. मला तसं वाटत नाही. हाताला काम मिळालं की कानही मागोमाग येतील. म्हणून दीड लाखाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नवी सिस्टिम घेतलीत तर तिचं झाकणसुद्धा तुम्हाला उघडता येणार नाही, वॉरंटी जाईल या भीतीनं. आणि झाकण न उघडता तुम्हाला करमणार नाही.

माझं माहेर बेळगावात शहापूरचं. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पुढचं सांगतेय ते ऐकीव नाही.

पहिली गोष्ट, पुन्हा थेट प्लग लावू नका. वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, एखादा शॉर्टही झालेला असतो. तुमच्या काळी प्रत्येक मेकॅनिकच्या टेबलावर सिरीज बल्बचा बोर्ड असायचा, म्हणजे सेटकडं जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा, तो आठवा आणि पुन्हा तयार करा. साठ किंवा शंभर वॅटचा जुना तारेचाच बल्ब हवा, एलईडीचा उपयोग नाही. सेट त्यातून चालू केला की बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला पाहिजे. तसाच लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब प्लग काढायचा. या सगळ्या काळात स्पीकर जोडायचे नाहीत. आधी मल्टिमीटर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी किती येतो ते बघा. शून्याच्या आसपास असेल तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर किंवा बायसिंग गेलंय, आणि तिथं वूफर जोडलात तर त्याची कॉइल जळून जाईल. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो हे तुम्हाला माहीत आहे, पण हात इतकी वर्षं या कामात नाहीत म्हणून आठवण करून देते. मीटरवर व्होल्टेज उतरल्याचं बघूनच आत बोट घाला. आणि मेनच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, काही करायचं असेल तर शेजारी माणूस असू दे.

हमिंग कुठलं ते शोधणं सोपं आहे. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला तरी तेवढंच राहत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर गेलेत, दोन्ही बदलून टाका. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर इनपुटकडं बघा: शिल्डची वायर तुटलीय, नाहीतर चेंजरची अर्थ सुटलीय. उजव्या बाजूचं मौन बरेचदा अगदी किरकोळ निघतं. इनपुटच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा. मौन बाजू बदलून डावीकडे गेलं तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे, दोष त्याच्या आधीच्या भागात आहे. नाही बदललं तर व्हॉल्यूमचा पॉट आणि सिलेक्टर स्विच, दोन्हीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा. आमच्या दुकानात 'एक साइड बंद' म्हणून येणाऱ्या सेटांतले कितीतरी एवढ्यावरच परत जायचे. सोल्डर बघताना भिंग घ्या. साठीत नुसत्या डोळ्यांना सांध्याभोवतीची बारीक चीर दिसत नाही.

मुलानं बोट घातलेला वूफर फेकू नका. कोनचा कागद फाटला असेल तर आतून पातळ कागदाची पट्टी लावून सांधता येतो. कडेचा फोम मात्र हात लावला की भुगा होऊन पडेल, इतक्या वर्षांत पडतोच. त्याच्या रिंगा वेगळ्या विकत मिळतात, माप बरोबर घेतलं तर घरी चिकटवता येतात. हे काम घाईचं नाही. कॉइल बरोबर मधोमध बसली नाही तर ती चुंबकाला घासते आणि प्रत्येक खर्जाला खरखर येते. स्पीकर जोडण्याआधी पेन्सिल सेल घ्या, त्याचा प्लस वूफरच्या लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला नुसता टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही बॉक्सचं हे तपासा. एक बाहेर आणि एक आत येत असेल तर तुमच्या दोन वाहिन्या उलट्या फेजमध्ये चालल्यात. मग खर्ज गायब होतो आणि गायक नक्की कुठं बसलाय तेच कळत नाही. पूर्वीपासून तसंच असेल आणि तुमच्या लक्षात आलं नसेल, असंही होऊ शकतं.

गॅरार्डबद्दल एकच सांगते. सुई तपासल्याशिवाय एकही रेकॉर्ड लावू नका. झिजलेली सुई खोबणीची भिंत खरवडते, आणि एकदा खरवडलेली एलपी कुठल्याही मशीनवर पुन्हा नीट होत नाही. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डची सुई जाड, एलपीची बारीक, हे ठाऊक असेलच. सुई धरणाऱ्या कार्ट्रिजवर दोन्ही असतील तर कुठली खाली आहे ते बघून घ्या. ग्रीसही घट्ट झालं असणार. जुनं पूर्ण पुसून नवं घाला, वर थर चढवू नका.

आता कॅसेटी. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत, म्हणून मी इथं जरा थांबणार आहे.

बाजारात विकत मिळालेल्या कॅसेटींची काळजी करू नका, त्यांतलं बहुतेक मोबाइलवर मिळेल. पण आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या कॅसेटी? धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं. गायक मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते. तुम्ही डेकचं बटण दाबून बसायचात त्या काळात मन्सूर होते, बसवराज राजगुरू होते, गंगूबाई हनगल होत्या. त्या सकाळच्या आणि रात्रीच्या सभांमधलं कुणी किती जपलं असेल याच्या भरवशावर राहू नका. एखाद्या संध्याकाळचं गाणं आज फक्त तुमच्या माळ्यावरच्या डब्यात असू शकतं. हे मी मनापासून सांगतेय. ॲम्प्लिफायर दिवाळीपर्यंत थांबला तरी चालेल, या कॅसेटी थांबायच्या नाहीत.

डेक फिरत नाही तो पट्ट्यामुळे. रबर वितळून पुलीला काळ्या चिकटासारखं बसलं असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घेऊन सगळं निपटून काढा, नवा पट्टा मापानं घाला. हेड आणि पिंच रोलरही त्याच अल्कोहोलनं पुसा. प्रत्येक कॅसेट आधी खिडकीतून उजेडात बघा. टेपच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसात ती धरणारच, खानापूरकडं तर विचारूच नका. अशी कॅसेट डेकमध्ये घातलीत तर बुरशी हेडला लागेल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना देईल. ती वेगळी काढा, शेवटी बघू. ज्या चांगल्या दिसतात त्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, मगच वाजवा. टेप इतकी वर्षं एकाच ताणात गुंडाळलेली असते, ती मोकळी होते. आतली फेल्टची बारीक गादी सुटलेली असेल तर दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधली बसवा. मागच्या कोपऱ्यातलं प्लास्टिकचं कान तोडलंय ना, तेही बघा. नसेल तर आत्ता तोडा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जायचं आणि मन्सूरांच्या जागी तुमच्या घरातल्या कुकरची शिट्टी भरली जायची.

आवाज बसका, धूसर येत असेल तर लगेच कॅसेटला दोष देऊ नका. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो, तो अझिमथचा, म्हणजे टेपशी हेडचा कोन जुळवणारा. गाणं चालू ठेवून तो केसभर इकडं-तिकडं फिरवा. एका जागी तबल्याची चाट एकदम टक्क ऐकू येईल. ज्या डेकवर भरली त्याच डेकवर वाजवत असाल तर फारसा फिरवावा लागणार नाही. त्या जागी स्क्रू सोडा. मग डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरला जोडा. त्यासाठीचं छोटं यूएसबी यंत्र फार महाग नसतं. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लेव्हल लालमध्ये जाऊ देऊ नका आणि फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. नव्वदची कॅसेट असेल तर एक बाजू पंचेचाळीस मिनिटं चालेल, आणि तितका वेळ तुम्हाला तिथं बसावंच लागेल. निवेदकानं सांगितलेली नावं, तारीख, राग वहीत उतरून घ्या. कॅशियरचं अक्षर आणि शिस्त तुमच्याकडं आहेच.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी तुम्हाला पंचेचाळीस मिनिटं गाणं ऐकायला बसवलंय.

तानपुऱ्याबद्दल. जवारीतून, म्हणजे घोडीवर तार हलकी घासते तिथून, सुटणारे वरचे स्वर हाच तर तानपुऱ्याचा जीव. ते न ऐकू येण्याची दोन कारणं असू शकतात. एक तो छोटा स्पीकर: एका डब्यातून सगळं येतं, तिथं डावं-उजवं नसतं आणि घुमायला हवा नसते. दुसरं कारण तुमचे कान. साठीत वरच्या फ्रिक्वेन्सी सगळ्यांच्याच कमी होतात. बऱ्याच जणांना दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आणि तेवढ्यानं गाण्याचं फार बिघडत नाही. पण त्याखालचंही गेलं असेल तर कळायला हवं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आधी मळ काढून घ्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. तासाभराचं काम आहे. दीड लाख खर्चायच्या आधी हे करायलाच हवं. एका कानात सतत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा एकच कान अचानक बसला असेल तर मात्र आजच्या आज जा.

आणि आता वहिनी.

'कधी एक गाणं पुरतं ऐकू दिलंय?' हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य वाटलं. मी डोळ्यांपुढं आणू शकते: गाणं रंगात आलंय, आणि तुम्ही उठून ट्रेबल वाढवताय, बॉक्स दोन बोटं सरकवताय, 'आता ऐक, फरक कळतो का?' म्हणताय. तुम्ही सिस्टिम ऐकत होता आणि त्या गाणं. पंचवीस वर्षं ज्या धुडानं त्यांचा माळा अडवला त्यातून त्यांना काय मिळालं, सांगा बघू?

म्हणून दोन्ही नादांची वेळ वेगळी करा. सकाळी टेबलावर हवं ते उघडा, ट्रेबल काय, अझिमथ काय, मनसोक्त. संध्याकाळी ऐकायच्या वेळी कशालाही हात लावायचा नाही. दोन बॉक्सच्या बरोबर समोरची मधली खुर्ची वहिनींची. काय लावायचं तेही त्याच सांगतील. त्यांचं माहेर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. गोकाक-हुक्केरीकडचं असेल तर कदाचित दासांची, म्हणजे कन्नड संतकवींची, पदं मागतील, आणि तुमच्या एलपींत नाट्यसंगीत नि अभंग असतील. भीमसेन जोशींनी दोन्ही गायलीत, कन्नडातून दासवाणी आणि मराठीतून संतवाणी. तुमच्या घरातली सुरुवात तिथून होऊ शकते. दुसरंच काही मागितलं तर ते लावा, आणि ते तुमच्या पसंतीचं नसलं तरी शेवटपर्यंत बसा.

तुमच्या स्वतःच्या ऐकण्यासाठी मी एक वाट सुचवते. तुमचं मन दहा मिनिटं टिकतं ना? मग तीन मिनिटांपासून सुरू करा. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्ड जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. आज मोबाइलवर सहज मिळतात, वायरनं तुमच्या ॲम्प्लिफायरला जोडा. रेकॉर्डची खरखर राहू द्या. ती काढायच्या मागं लागलात तर पुन्हा सर्किटात शिराल. रोज एकच लावा आणि दोनदा ऐका. आठवडाभरानं त्यांचे शिष्य, कुंदगोळचे सवाई गंधर्व. मग सवाई गंधर्वांचे शिष्य, गंगूबाई आणि भीमसेन. तुम्ही मीटर घेऊन सिग्नल इनपुटपासून आउटपुटपर्यंत टप्प्याटप्प्यानं शोधता, तसा हा स्वर शोधत या: खाँसाहेबांचा लांबवलेला षड्ज पुढच्या गळ्यात कसा आला, कुठं जाड झाला, कुठं तान वाढली. तुमच्या स्वभावाला हे ऐकणं मानवेल असं मला वाटतं. यात शोधायला काहीतरी आहे.

आणि हे सगळं तुमच्या दाराशी घडलंय. निपाणीत बसलं की एका अंगाला मिरज, एका अंगाला अल्लादिया खाँचं कोल्हापूर, खाली धारवाड-कुंदगोळ. कुमार गंधर्व जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत, १९२४ साली. १८८० मध्ये मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सीमाभागात आपण कायम कुणाच्या बाजूला किती याचा हिशेब करत बसतो. गाण्याच्या बाबतीत मात्र हा पट्टा मधोमध आहे, आणि त्याचा आनंद आपण पुरेसा घेत नाही, अशी माझी जुनी खंत आहे.

खोलीकडं थोडं बघा. गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, समोर सनमायकाचं कपाट असेल तर टाळी वाजवून बघा. टाळीचा आवाज मागं झणझणत राहिला तर खाली सतरंजी नाहीतर जाड घोंगडी टाका, समोरच्या भिंतीला पडदा लावा. बॉक्स शोकेसवर छताजवळ ठेवू नका. बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीवर आला पाहिजे आणि भिंतीपासून हातभर तरी अंतर हवं.

पैशांचं म्हणाल तर कपॅसिटर, पट्टे, फोमच्या रिंगा, सुई आणि ते यूएसबी यंत्र, सगळं मिळून दीड लाखाच्या जवळपासही जाणार नाही. सहा महिन्यांनी, कान तपासून, जुना सेट वाजता करून, तरीही नवीन घ्यावंसं वाटलं तर घ्या की. तेव्हा तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येईल, आणि दुकानात जाताना वहिनींच्या आवडीची रेकॉर्डिंग सोबत नेऊन त्यांच्या कानांनी निवडा.

कोल्हापूरच्या माणसाला 'तूर्त नाही' असं कळवा. एलपी आडव्या रचून ठेवल्या असतील तर आजच उभ्या करा, वाकतात त्या. बुरशी धरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडानं, खोबणीच्या दिशेनं पुसा, लेबल भिजू देऊ नका, आणि सावलीत वाळवा. पुसताना एकेकीचं नाव वहीत लिहा. ज्या तुम्हाला किंवा वहिनींना पुन्हा कधीच लावाव्याशा वाटणार नाहीत त्या खुशाल द्या त्याला, पण यादी झाल्यावर, आणि भाव विचारून.